भरदुपारी बाहेर ठेवलेला नंदादीप

हा अनुभव दत्तगुरूंचा म्हणावा की आमच्या आळीतल्या बायकांचा, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. सांगायला बसले की माझाच गोंधळ उडतो, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. रत्नागिरीकडचं गाव सोडून आम्ही दोघांनी डोंबिवलीत नुकतंच बिऱ्हाड थाटलं होतं. कुणाची धड ओळख होण्याआधीच ह्यांना विषमज्वराने गाठलं. ताप चढत गेला, बडबड सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र जपा. डोक्यावरच्या थंड पट्ट्या थांबता कामा नयेत." पट्ट्या बदलणारी मी एकटी, आणि कित्येक दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. बसल्या बसल्या मान पडे, दचकून उठावं तर कपाळावरची पट्टी वाळलेली. आज आपल्याला झोप लागली तर हे हातचे जातील, एवढं एकच मला कळत होतं. दत्तगुरूंना विचारलं, तुम्ही ऐकता तरी का हो? त्यात ह्यांच्या डोळ्यांना उजेड सोसेना. खिडक्या लावल्या, तरी नंदादीपाकडे बोट करून ओरडत. दिवा विझवायला हात धजेना. शेवटी तो उचलून दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवला. देवालाच अंधारात बसवलं, आता तो कशाला आपल्याला पावतोय, असं वाटून रडू आलं.

थोड्या वेळाने दोन बायका दारात उभ्या. एक पोक्त, नऊवारीतली, दुसरी माझ्या वयाची. "आम्ही महिला मंडळाच्या," पोक्त बाई म्हणाल्या मात्र, माझ्या मनात आलं, वर्गणी! "आत्ता नको हो," म्हणून मी दार लोटलं. पाणी आणायला पुन्हा उघडलं, तर दोघी ओट्यावर बसलेल्या.

"अगं, तूच बोलावलंस ना?" बाईंनी विचारलं.

"मी? मी नाही कुणाला बोलावलं."

"मग भरदुपारी दिवा बाहेर कशाला ठेवलास?"

तेव्हा कळलं. आजारपणात मदत मागायची लोकांना लाज वाटते, म्हणून मंडळाने आळीला सांगून ठेवलं होतं: ज्या घरी माणूस हवं, त्यांनी दिवसा दिवा बाहेर ठेवावा. मी नवखी, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी खुलासा करू लागले, तर बाई म्हणाल्या, "ते राहू दे. माणूस हवंय की नकोय?" मी बाजूला सरकले आणि त्या आत आल्या.

धाकटीने कल्याणहून भुशात गुंडाळलेला बर्फ आणला. "मासळीबाजारातला आहे हं, चालेल ना?" आमच्या सोवळ्याच्या घरात! दत्तगुरूंनी पाठवला म्हणावा, तर बर्फाला बोंबलांचा वास. बाईंनी तो मंडळाच्या रबरी पिशवीत भरला आणि मी मुकाट्याने ती ह्यांच्या डोक्यावर ठेवली.

"आता तू झोप," बाई म्हणाल्या. नाव-गाव माहीत नसलेल्या बाईच्या हाती नवरा सोपवून झोपायचं? पण अंगात त्राणच उरलं नव्हतं. आडवी होताना "आता तुम्हीच बघा" एवढं तोंडातून गेलं. ते दत्तगुरूंना म्हटलं की बाईंना, मलाही सांगता येणार नाही.

जाग आली तेव्हा उन्हं वर आली होती. धडपडत उठले. ह्यांच्या कपाळाला हात लावला तर गार, घामाने ओलं. नाकापुढे बोटं धरली. तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले, उशाशी बसलेल्या बाईंकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "या कोण गं?"

नाव विचारायचंच राहिलं होतं. मी वाकून बाईंचे पाय धरले.

"पाय कसले धरतेस? चहा टाक मला."

शरण जायचं ते कुणाला, हे आधी कळावं लागत नाही, एवढंच मला त्या सकाळी उमगलं. बाकी गोंधळ तसाच आहे, आणि त्या गोंधळालाही मी रोज हात जोडते. चहात साखर घालायची मी साफ विसरले होते. बाईंनी तो एक अक्षर न बोलता शेवटच्या घोटापर्यंत घेतला.