पूल ओलांडायचा राहिला

कुठंही फिरून आलं की अख्ख्या ऑफिसला खाऊ आणायचा, तोही प्रत्येकी एक, वेगळा गुंडाळलेला. जपानी लोक त्याला ओमियागे म्हणतात. टोकियोच्या एदोगावा भागात राहून ही रीत माझ्या इतकी अंगवळणी पडली, की रशियातही सुटली नाही. मेलं ते ओमियागे!

बाबा तरुणपणी कारखान्याच्या ट्रेनिंगला रशियात राहिलेले. नोव्हगोरोदचा किल्ला, आतलं पांढरं कॅथेड्रल, नदीवरचा पूल, पलीकडची जुनी चर्चं, हे सगळं मी लहानपणी वरणभाताबरोबर ऐकलेलं. कोविडच्या आदल्या वर्षी ते पुण्याहून आले, मी टोकियोहून गेले आणि आम्ही दोघं एका दिवसासाठी तिथं पोचलो.

तटाच्या लाल विटांवर हात फिरवत बाबा हळूहळू चालत होते. कॅथेड्रलजवळ जमिनीवर ठेवलेल्या थोरल्या घंटा बघून झाल्या. "आता पूल," ते म्हणाले. "पलीकडून सगळा किल्ला एका नजरेत दिसतो. तेच तर तुला दाखवायचंय."

"पाचच मिनिटं हं बाबा," म्हणत मी खाऊच्या दुकानात शिरले. तिथले मधाचे केक हे एवढाले! मला हवे होते अठरा, छोटे, सुटे गुंडाळलेले. दुकानातल्या बाईंना माझं काही कळेना. शेवटी बाबाच आत आले आणि आठवून आठवून रशियन बोलत माझ्या ऑफिसचा खाऊ मागू लागले. बाईंनी एकेक तुकडा कापून कागदात बांधून दिला. बाहेर आलो तर गाडीची वेळ झालेली.

"असू दे गं, पूल काय पळून जातोय?" बाबा म्हणाले.

ऑफिसात तो खाऊ दहा मिनिटांत संपला.

पुढं बाबांचे गुडघे गेले. रशियाची वाटही अवघड झाली. रोज कामाला जाताना माझी ट्रेन नदीवरून जाते, आणि त्या एका मिनिटात बाबांना हाताला धरून पलीकडे न्यावंसं इतकं वाटतं, की डोळे भरून येतात.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल केला, तेव्हा बाबांकडे शेजारचे काका बसले होते. बाबा त्यांना ऐटीत सांगत होते, "लेकीनं हात धरून पूल ओलांडून नेलं मला. काय दिसतो किल्ला तिथून!" मग माझ्याकडे वळले. "हो की नाही गं?"

विसरलेत, की मला सांभाळून घेतायत, कळेना.

"हो बाबा," मी म्हटलं. "सगळा दिसत होता."