अप्पाच्या दोन फळ्या

त्या दिवशी दुकानात आम्ही चौघं व्हतो. शिवलिंग अप्पा, दुकानाचे मालक अन् मिस्त्री. खलील, त्यांचा कारागीर, पंचवीस वर्षं त्यांच्याच हाताखाली. एक मास्तर, ज्यांच्या घराचा दरवाजा चालू व्हता, ते खुर्ची टाकून बसलेले. अन् मी कौसाबाई, भुसा झाडणारी. दुकान जळकोटात, उदगीरच्या रस्त्याला. नवमीला हत्याराची पूजा झाली, मंग दसरा झाला, अन् दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे झालं.

अप्पाची एक सवय सांगते म्हणजे माणूस कळंल. मशीन चालू करायच्या आधी गळ्यातलं इष्टलिंग बनेनच्या आत सारायचे, शर्टाची बटनं गळ्यापर्यंत लावायचे, अन् दुकानात जो असंल त्याच्याकडं एकेकदा बघायचे. मोजल्यासारखं. एकदा मी हसले. तर म्हणाले, "हसू नको कौसाक्का. मशीन बंद झाल्यावर बी इतकेच भरले पायजेत."

माझा नवरा ऊसतोडीला असताना गेला. ट्रॅक्टर पलटी झाला. मंग मीच कोयता घेऊन सात हंगाम केले. पाठ गेली तव्हा मुकादमानं नको म्हणलं. मी अप्पाच्या दारात उभी राहिले, म्हणलं, काय बी काम द्या. अप्पा म्हणाले, "वाचता येतंय?" म्हणलं, न्हाई. "मोजता येतंय?" म्हणलं, मोळ्या मोजल्यात जलमभर. म्हणाले, "ये मंग."

भुसा झाडायचं काम लवकर सरायचं. म्हणून त्यांनी बीटं सांभाळायचं काम बी मलाच दिलं. राऊटर म्हणजे लाकडाला गोलाई अन् नक्षी काढायचं मशीन. त्याच्या तोंडात बीट आवळतात. वर पात्याचं डोकं, खाली गुळगुळीत दांडी. आता खोड हितं हाय. काही दांड्या सहा एमएमच्या, काही दोन सुताच्या, म्हणजे पाव इंची. डोळ्याला दोन्ही सारख्याच. निम्मे सुतार तर म्हणतात, एकच हाय ते. पण दोन सूत केसभर जाड असतंय. लहान मशीनचं तोंड सहा एमएमचं, मोठ्याचं दोन सुताचं. दोन सुताच्या तोंडात सहाची दांडी आवळली तर आवळल्यासारखी वाटती, पण धरत न्हाई. मशीन इतकं गरगर फिरतंय की सुटलेलं बीट गोफणीतल्या दगडावानी जातंय.

अप्पानं त्यासाठी सागवानाच्या दोन फळ्या केल्या व्हत्या. पांढऱ्या फळीला सहा एमएमची भोकं, लाल फळीला दोन सुताची. मला वाचता येत न्हाई म्हणून रंग. मला शिकवताना माझा हात धरून दांडी भोकात सोडायला लावली. "पांढऱ्यात जात न्हाई, तर लालची. लालमधी टाकल्यावर डुलती, तर पांढऱ्याची. डुलली की तिचं घर न्हाई ते. काढायची." आठ दिवस सकाळ-संध्याकाळ हेच. खलील टोमणे मारायचा, "अप्पा, कौसाबाई को इंजिनेर कर रहे क्या?" अप्पा म्हणायचे, "तुझ्यापेक्षा बरी हुईल. ती इचारती तरी."

सहा वर्षं एक बी दांडी चुकली न्हाई. खलीलनं तर बघायचं बी सोडलं. मोठ्या मशीनला बीट पायजे तर लाल फळीतनं उचलायचा अन् आवळायचा. त्याचा इतका भरोसा माझ्यावर.

त्या साली नवमीला सगळी बीटं काढली, राकेलात धुतली, तेल लावलं, फडक्यावर मांडली. अप्पानं पूजा केली. हळद-कुंकू मशीनला, रंध्याला, पटाशीला, एकेका बीटाला. फळ्यांना बी. अप्पाला तव्हा मोतीबिंदू झालता, बोटाचा अंदाज चुकायचा, कुंकू लई पडलं. मी बीटं परत घरात घातली. लाल फळीतलं एक बीट धारेला नांदेडला गेलतं, ते मला ठावं व्हतं. म्हणजे एक भोक रिकामं राहणार. राहिलं बी. पण पांढऱ्या फळीत राहिलं. मला वाटलं, धारेला गेलेलं ते पांढऱ्याचंच असंल. दांडी तर एक बी डुलत नव्हती. मी दिवा ओवाळला अन् घरी गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खलीलनं मास्तरांचा दरवाजा टेबलावर घेतला. लाल फळीतनं गोलाईचं बीट उचललं, मोठ्या मशीनला आवळलं, चालू केलं. मास्तर म्हणाले, "शिवलिंगअप्पा, वास्तूच्या आधी हुईल ना?" अप्पा त्यांना काही तरी बोलून राहिले व्हते अन् हात सवयीनं फळ्यांवर फिरवत व्हते. पांढऱ्या फळीवर बोट थांबलं.

माझ्याजवळ आले, कानात म्हणाले, "हे रिकामं कशानं?"

म्हणलं, "धारेला गेलंय की."

"धारेला दोन सुताचं गेलंय, अक्का."

म्हणजे पांढऱ्याचं बीट लालमधी गेलतं, अन् खलीलनं लालमधनंच उचललं व्हतं. मी खलीलकडं बघितलं. त्यो वाकून मशीन ढकलत व्हता, तोंड बीटाच्या वर, हातभर अंतरावर. मी वरडणार तर अप्पानं माझ्या तोंडावर हात ठिवला. चालू मशीनवरच्या माणसाला हाक मारायची न्हाई, शिवायचं न्हाई, ही त्यांची सक्त ताकीद. दचकला की हात जातो. खटका दाराजवळ, टेबलाच्या पल्याड. अप्पा निघाले. पळाले न्हाईत, भुशावर पाय घसरंल म्हणून. भिंत चाचपत, हळू. मला ती दहा पावलं सरंनात. मशीनचा आवाज बदलला, घरघर जड झाली. बीट खाली सरकून राहिलं व्हतं, लाकडात खोल चाललं व्हतं. खलीलच्या कपाळाला आठी पडली, त्याला कळंना काय होतंय. त्यानं आणखी जोर लावला. मास्तर आपले बसल्या जागी सुपारी कातरत व्हते.

अप्पानं खटका खाली वढला अन् त्याच टायमाला बीट सुटलं. मास्तरांच्या दरवाजावर एकदा आदळलं, अन् दुकानाच्या दाराकडं गेलं. खलीलच्या बाजूला न्हाई. दाराकडं.

अप्पा म्हणाले, "हां." बस. उजव्या हाताच्या कोपराखाली घुसलं व्हतं. खाली बसले अन् आधी आमच्याकडं बघितलं, एकेकाकडं. मंग डोळे मिटले.

उदगीरला नेताना जीपमधी मी त्यांचा हात पदरानं दाबून बसले. सगळा पदर भिजला. म्हणलं, "अप्पा, माझ्या हातनं झालं. मी घातलं ते बीट लालमधी." खलील पुढं बसून रडत व्हता, त्यानं बी ऐकलं. अप्पा म्हणाले, "डुललं न्हाई का?" म्हणलं, "न्हाई अप्पा. देवाशपथ न्हाई डुललं." अप्पा म्हणाले, "बघू."

हात वाचला, पण दोन बोटं परत मिटली न्हाईत. रंधा धरायचा हात गेला. अप्पाचा पोरगा लातूरहून आला. दवाखान्यातच मला म्हणाला, "बाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका. अडाणी माणसाला कुणी हत्यार सांभाळायला देतं का?" मी पिशवी उचलली. अप्पा खाटेवरनं म्हणाले, "बस खाली, कौसाक्का." मंग पोराला म्हणाले, "लाल फळी आण."

फळी आणली. अप्पानं डाव्या हातानं काडी भोकात फिरवली. काडीला लाल चिकट गोळा लागून आला. तेलात मळलेलं कुंकू. त्यानं भोक चोंदून गेलतं, म्हणून सहाची दांडी त्यात घट्ट बसली, डुलली न्हाई. काडी पोराच्या हातावर पुसली अन् म्हणाले, "मी तिला डुलती का ते बघायला शिकवलं. पूजेनंतर भोक पुसायला शिकवलं न्हाई. अन् कुंकू वतलं कुणी? मीच. आता कुणाला काढतोस?"

खलील दारातनं म्हणाला, "कौसाबाई, अप्पानं बीटाला कुंकू लावलं, त्ये सासरी निघालं." अप्पा हसले, हसताना हात दुखला, मंग खलीलला शिव्या दिल्या. मला रडू आलं ते तव्हा.

मी फळ्यांना हात लावायला तयार नव्हते. महिनाभरानं अप्पा गळ्यात हात बांधून दुकानात आले, सगळी बीटं टेबलावर वतली अन् म्हणाले, "घाल." म्हणलं, खलीलला सांगा. म्हणाले, "त्याला डोळे हायत, तुला बोटं हायत. घाल." एकेक भोक काडीनं पुसत सगळी घातली. दुपार झाली. अप्पा समोर बसून राहिले, पाणी बी प्यायले न्हाईत. शेवटची गेली तव्हा खलीलला म्हणाले, "चालू कर." खलीलनं न बघता लालमधनं उचललं. मी त्याला थांबवलं, म्हणलं, "बघ आधी." अप्पा म्हणाले, "हाव. असं."

अप्पा दोन वर्षांनी गेले, झोपेत. लिंगायतात बसवून पुरतात, तसं बसवलं. पोरानं दुकान मोडलं. खलील उदगीरला दुसऱ्याकडं लागला. मशीनं मुदखेडच्या एका माणसानं नेली. टेम्पो भरताना मी तिथं गेले, तर त्यानं सगळी बीटं एका बिस्किटाच्या डब्यात खळकन वतली. फळ्या सरपणाच्या ढिगावर. म्हणलं, "बाबा, ह्या वेगळ्या असतात." त्यो हसला. "आजी, दोन सूत अन् सहा एमएम एकच असतंय. सरा, उशीर होतोय."

मी डबा घेऊन टेम्पोच्या चाकापुढं बसले. त्यो वरडला, ड्रायव्हर वरडला, माणसं जमली. म्हणलं, "वरडा. पण मला घालू द्या." फळ्या मांडीवर घेतल्या, भोकं पुसली, एकेक दांडी सोडून बघितली, दोन्ही फळ्या भरून त्याच्या हातात दिल्या. त्यानं सीटमागं ठिवल्या. पुढं काय केलं, देव जाणे.

नात हे लिहून घेती हाय म्हणून सांगते. वाचणाऱ्यानं माझं एवढं करा. तुमच्या ओळखीत कुणी सुतार असंल तर त्याच्या दुकानात जा अन् इचारा, दोन सुताची अन् सहाची दांडी वेगळी ठेवतोस का. त्यो हसंल. हसू द्या. पण डबा उघडून स्वतः बघितल्याबिगर उठू नका.