एकविसावा हात

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे कडकमावशी म्हणत. एक तर तिनं खळ घातलेली चादर जवळजवळ स्वतःच्या पायावर उभी राहायची, आणि दुसरं कारण तिच्याशी दोन वाक्यं बोललेल्या कुणालाही ठाऊक होतं. उजव्या हाताला तीनच बोटं. उरलेली दोन अकरा वर्षांपूर्वी इस्त्रीच्या मोठ्या रोलरनं घेतली. त्यानंतर बायकांनी संघटना बांधली, आठ दिवस काम बंद पाडलं, तेव्हा कुठं रोलरपुढं लोखंडी जाळी बसली.

गेल्या आठवड्यात मंत्रीसाहेब आले. साबणाच्या खोक्यावर उभे राहून म्हणाले, "संघटना म्हणजे मधले दलाल! माझ्या बहिणींनी थेट साहेबांशी बोलावं."

"बोलले होते की," मावशी मागून म्हणाली. "तीनदा बोलले. चौथ्यांदा बोलायच्या आत बोटं गेली."

मंत्री हसले, हात जोडले, गाडीत बसले. पण त्यांचा नवा कायदा मागे राहिला. संघटना टिकवायची तर हजेरीपटावरच्या निम्म्याहून जास्त जणांनी कामाच्या जागी येऊन हात वर करायचा. जो येणार नाही त्याचं मत 'नको' धरायचं. संघटना गेली की तिनं केलेला जाळीचा करारही गेला, आणि जाळीमुळे काम मंदावतं असं मॅनेजर आत्तापासूनच बोलायला लागला होता.

पटावर चाळीस नावं. एकवीस हात हवे होते. मतदानाच्या दिवशी अडीच वाजले तेव्हा वीस होते. तीनला मोजणी.

मावशीनं धुतलेल्या कपड्यांची ट्रॉली रिकामी केली, आत इस्त्रीची चादर अंथरली आणि ढकलत मागच्या क्वार्टर्सकडे निघाली. तिथं तळमजल्यावर तिची नणंद पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसली होती. दोघी वीस वर्षं एकाच चादरीची दोन टोकं धरत आलेल्या. पण नणंदेचा जावई मंत्र्यांच्या कचेरीत लागल्यापासून नणंद संघटनेच्या बैठकीत गप्प असायची.

"वन्सं, चला."

"वहिनी, डोळे आहेत ना? पाय मोडलाय. आणि मी कुणाच्या अध्यात नाही न् मध्यात नाही. घरी बसलेय गुमान."

"घरी बसूनच मत देताय तुम्ही. 'नको' म्हणून."

"जावयाची नोकरी जाईल गं."

"जाईल कदाचित. खोटं कशाला सांगू?" मावशी दारातच उभी राहिली. "त्या दिवशी मी किंचाळत होते तेव्हा मशीन कुणी बंद केलं?"

नणंद प्लॅस्टरवरची धूळ झटकू लागली.

"तुम्ही केलंत. नाहीतर आज मनगटच नसतं. उद्या जाळी निघेल, आणि माझ्या जागी जी कुणी उभी राहील, तिच्याजवळ तुम्ही असाल का?"

नणंदेनं ट्रॉलीकडं पाहिलं. "मळक्या कपड्यांच्या गाडीत घालून नेणार मला?"

"धुतलेल्यांची आहे. खळसुद्धा घातलीय."

"मग टोचणारच," नणंद म्हणाली आणि तिनं हात पुढं केले.

फाटकावर रखवालदारानं अडवलं. "काय आहे आत?"

"कपडे."

"सावकाश ढकल, भवाने!" आतून आवाज आला.

"कपडे बोलतायत, मावशी."

"कडक आहेत," मावशी म्हणाली आणि आत शिरली.

तीनला चार मिनिटं कमी. कामगार कचेरीचे साहेब चष्मा पुसत होते. दाराशी जावई फोन घेऊन उभा, कोण कोण हात वर करतंय ते टिपायला. सासूबाईंना ट्रॉलीत पाहून त्याचा फोन खाली आला.

"अहो, असं कसं चालेल?" मॅनेजर ओरडला. "या उभ्यासुद्धा नाहीत!"

"कायद्यात पाय कुठं लिहिलाय?" मावशीनं साहेबांना विचारलं. "हातच लिहिलाय ना?"

साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "हात," ते म्हणाले. "संघटना हवी असणाऱ्यांनी वर करावेत."

मावशीची तीन बोटं वर गेली. मागोमाग एकोणीस हात. नणंद जावयाकडं बघत राहिली. मग ट्रॉलीच्या कडेला धरून ती अर्धवट उठली आणि तिनं हात सरळ वर केला.

"जावईबापू, नीट टिपा. नाव तुम्हाला पाठ आहेच."

साहेबांनी बोटानं मोजलं. "एकवीस. संघटना कायम."

आरडाओरडा झाला, कुणी टब वाजवला. मॅनेजर निघून गेला. नणंदेचा हात अजून वरच.

"घ्या आता खाली, वन्सं."

"घेते. आणि घरी दुसरं कुणीतरी सोडा मला. हिला वळणावर ट्रॉली आवरत नाही."