काठाकाठानं खेळलेला डाव

भूत, आत्मा असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता… आजही आहे असं म्हणवत नाही. आमच्या बौद्ध घरात हे कोणी मानायचंच नाही. जे घडलं ते सांगते, बस.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रामाकोन्याच्या शाळेत शिकवायची आणि सौसरला भाड्याच्या खोलीत राहायची. एकटीच. मिस्टर आदल्या वर्षी तापानं गेले होते. ते असताना रोज संध्याकाळी आम्ही बुद्धिबळ खेळायचो. त्यांचं ओपनिंग म्हणजे अगदी वेडेपणा — आधी दोन्ही टोकांची प्यादी पुढे, मग दोन्ही घोडे काठावर. मी हसले की म्हणायचे, "मधात गर्दी कायले करायची? काठाकाठानं चालू." असं कोणीच खेळत नाही. आणि ते घराबाहेर कधी खेळलेच नाहीत.

ते गेल्यावर संध्याकाळ खायला उठायची. म्हणून पांढुर्ण्याच्या धर्मशाळेत स्पर्धा आहे असं कळल्यावर मी नाव दिलं. स्पर्धेत बाई मी एकटीच. समोर तिगावचे एक संत्र्याचे व्यापारी, पन्नाशीचे, अनोळखी.

त्यांनी डाव्या टोकाचं प्यादं सरकवलं. मग उजव्या. नवखे असतील, मला वाटलं. मग एक घोडा काठावर… दुसराही. मी पटाकडे बघतच राहिले, चाल केलीच नाही. तेव्हा पटावरची नजर न उचलता ते हळूच म्हणाले, "चाल ना वं. चाय थंडी होऊन राह्यली."

टेबलावर चहा नव्हताच. तो आमच्या घरी असायचा, पटाशेजारी.

परक्या बाईला 'वं', आमच्याकडे नवरा बायकोला म्हणतो तसं! शेजारचे चमकून बघू लागले. मला मात्र राग आला नाही. पुढे एका चालीत मात दिसत होती, ती मी दिली नाही. मी नुसता माझा राजा इकडून तिकडे करत राहिले. बाकीचे डाव संपले, लोक उठून गेले… मला हा संपवायचाच नव्हता.

एकाएकी त्यांनी झोपेतून उठल्यासारखी मान वर केली. पट बघितला, "अरे, हे काय खेळलो मी!" म्हणाले आणि राजा आडवा केला.

"हे ओपनिंग कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोणी नाही मॅडम. मी तं नेहमी राजापुढचं प्यादं चालतो. आज हात कसा गेला, समजूनच नाही राह्यलं."

"आणि मला 'वं' म्हणालात ते?"

"मी? तुम्हाले? नाही हो मॅडम!" ते खरंच घाबरले.

जिंकले होते, तरी सौसरपर्यंत बसमध्ये रडत आले.

त्या दिवशी समोर कोण बसलं होतं, मला आजही सांगता येत नाही. पुढच्या वर्षी मुद्दाम पुन्हा गेले. स्पर्धा संपल्यावर त्यांनाच एका डावाची विनंती केली. ते चारचौघांसारखं खेळले… आणि शेवटपर्यंत मला 'मॅडम, मॅडम'च म्हणत राहिले.