नागपूरला जाणार कोण?

एकाच टेबलाभोवती माणसं वर्षानुवर्षं चहा प्यायली की किस्से आपोआप धरतात, पावसाळ्यात चपलांना बुरशी धरते तसे. अंबरनाथच्या आमच्या पंपांच्या कंपनीतले निम्मे किस्से एकट्या वानखेड्यांच्या नावावर आहेत. आणि त्यातला प्रत्येक हवेवरून सुरू होतो!

वानखेडे नागपूरचे. कंपनीचा एक कारखाना तिकडेही होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांची तिथून इकडे बदली झाली आणि पहिल्या दिवसापासून त्यांना परत जायचं होतं. साहेबांची अट एकच, नागपूरला बदली करायची तर जोडीनंच, एकट्याची नाही. म्हणजे इथला आणखी कुणीतरी तिकडे जायला तयार झाला तरच यांची सुटका. त्यामुळे हा माणूस रोज सकाळी गिऱ्हाईक शोधत यायचा.

"तुमच्याकडे काय हवा आहे बाप्पा! बारा महिने ओलं फडकं! आमच्याकडे उन्हाळा तर उन्हाळा, थंडी तर थंडी. माणसाला जगल्यासारखं वाटते!"

*

एकदा मे महिन्यात त्यांनी कंपनीच्या ट्रकमधून नागपूरचा कूलर आणवला. भला थोरला पत्र्याचा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी. "आता बघा नागपूरची मजा!" म्हणून ऑफिसात चालू केला.

आता कोरड्या हवेत ते यंत्र गार वारा देत असेल, नाही कोण म्हणतो? आमच्याकडे आधीच हवेत पाणी, त्यात हा आणखी पाणी सोडणार! दुपारपर्यंत बिस्किटं लुळी पडली. नकाशे गुंडाळी करून बसले. डिस्पॅचला डिंकाच्या कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा होता, त्यांची तोंडं आपोआप चिकटली.

आमचे स्टोअरकीपर लुल्ला, उल्हासनगरचे. त्यांनी एक पाकीट उचलून उजेडात धरलं. "साईं, कमाल है! अब तो खाली लिफाफा भी पोस्ट कर सकते हैं!"

*

उन्हाळ्यात वानखेडे खिशात कांदा ठेवायचे. ऊन लागू नये म्हणून. नागपुरात म्हणे सगळेच ठेवतात. संध्याकाळी गेटवर झडती व्हायची. नवीन वॉचमनने खिशात हात घातला आणि कांदा बाहेर काढला.

"हे काय?"

"उन्हासाठी आहे जी."

वॉचमनने दुसरा खिसा चाचपला. "मग भाकर कुठंय?"

*

जानेवारीत एके सकाळी जरा गारवा पडला. आमचा फिटर भोईर, बदलापूरजवळच्या गावातला, स्वेटर, मफलर, माकडटोपी असा सगळा जामानिमा करून आला. नुसते डोळे दिसत होते. वानखेडे हाफ शर्टात.

"ही थंडी आहे काय? आमच्याकडे याला पंखा म्हणतात!"

दुसऱ्या दिवशी वानखेडे सुट्टीवर. निरोप आला, सर्दी झाली आहे!

*

त्याच भोईरला डिसेंबरात कामासाठी चार दिवस नागपूरला पाठवलं. वानखेड्यांनी स्वतः स्टेशनवर सोडलं त्याला. वाटलं, हा तरी गळाला लागेल. परत आल्यावर सगळे त्याच्याभोवती जमलो.

"काय रे भोईर, कशी वाटली हवा?"

"अरं, पहाटे टाकीतल्या पान्याचा पयला तांब्या डोक्यावर घेतला, न मना माझी मेलेली आजी दिसली!"

सगळं वर्कशॉप हसतंय आणि वानखेडे तोंड न पाडता म्हणतात, "बघा! पूर्वजांचं दर्शनही होते!"

*

शेवटचा बकरा मी.

खरं सांगतो, मला जायचं होतं. बदलापूरच्या आमच्या ब्लॉकमध्ये चार महिने कपडे वाळत नसत, गाद्यांना कुबट वास. जीव विटला होता! मला कडकडीत थंडी हवी होती, रजई हवी होती. बायकोचं माहेर वर्ध्याचं, ती तर एका पायावर तयार. वानखेड्यांना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं हो. तयार होत आलेले काही जण ऐनवेळी फिरले होते ना!

"रविवारी जेवायला या. सोमवारी दोघं मिळून साहेबांकडे जाऊ."

गेलो. वहिनींच्या हातचं वऱ्हाडी जेवण, नाकाडोळ्यांतून पाणी, पण हात थांबेना. मध्येच वानखेडे दही आणायला खाली उतरले. वहिनींनी पोळ्यांचा डबा बाजूला ठेवला.

"भाऊजी, खरं सांगू? मला नाही जायचं तिकडे. मे महिन्यात दिवसभर खिडक्या लावून अंधारात बसायचं. पोळ्या लाटता लाटता चक्कर येते. एका वर्षी लहान्याला ऊन लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत त्यानं मला ओळखलं नाही जी. इथं मी दुपारी खिडकी उघडी टाकून झोपते."

माझा घास हातातच राहिला. मला फार वाईट वाटलं. "वहिनी, हे त्यांना सांगा ना!"

"सांगितलं. म्हणाले, सवय होते."

जिन्यात वानखेड्यांच्या चपला वाजल्या. वहिनींनी डोळे पुसले आणि हसतच भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं.

"तुमच्याआधी तिघं येऊन गेले, भाऊजी. भातापर्यंत तिघंही नाही म्हणाले. तुम्हाला भात वाढू?"