बाबांची थुंकी आणि कॉम्प्युटर

डॉक्टर म्हणाले, घशाच्या उजव्या बाजूची गाठ किरणांनी जाईल, पण तोंडातली लाळ आटायची भीती आहे. बाबांनी जन्मभर तंबाखू खाऊन अंगण रंगवलेलं. आई पटकन बोलून गेली, "म्हंजे यांचं थुंकणं बंद? तीस वर्सं देवाकडं दुसरं काय मागितलं मी?"

डॉक्टर हसले नाहीत. लाळ गेली की चव जाते, दात किडतात, कोरडा घास गिळता येत नाही. बाबा भाकरी आणि सुकटीवर वाढलेले. आईने पदर तोंडाला लावला.

आईबाबा कडावला, मी शिळफाट्याला, इस्पितळ पनवेलच्या पुढे. गाडी मला येते, म्हणून सारथ्य माझ्याकडे. किरणांचं गणित करणाऱ्या मॅडमनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. किरण कुठल्या कोनांतून सोडले तर गाठ जळेल आणि डावीकडची लाळेची ग्रंथी वाचेल, हे कॉम्प्युटर कितीतरी कोन तपासून सुचवतो, असं त्यांनी सांगितलं. बाबांना शंका आलीच.

"मधल्या खाचरात जायचं तर बांधावरनं जावं, लोकांच्या उभ्या भातातनं नाय. ह्यानं कधी भात लावलाय?" वर स्वतःचा कोनही सुचवला, उजवीकडून सरळ आत. मॅडम भल्या, त्यांनी तो टाकून दाखवला. किरण गाठीतून आरपार गेला आणि डावी ग्रंथी पडद्यावर लालभडक झाली. मग कॉम्प्युटरचे कोन आले, काही पुढून, काही तिरके, काही मानेमागून वळसा घालून. ग्रंथी निळी राहिली.

बाबा पडद्याजवळ सरकले. "हुशार हाय. आमच्या बांधाच्या भांडणात ह्यालाच पंच नेमा."

हे भांडण चुलत काकांशी. काकांनी बांध हातभर सरकवला, असं बाबांचं म्हणणं. वीस वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं.

गरम करून मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून बाबांचा मुखवटा बनवला होता. तो टेबलाला घट्ट अडकवायचा, म्हणजे डोकं तसूभर हलत नाही. सगळे कोन त्या न हलणाऱ्या डोक्यासाठी होते. आणि उपचार सुरू व्हायच्या आधीच चुलत काका वारले.

आमच्या भाऊकीत दहाव्याला पुरुष डोकं करतात. न्हाव्यापुढे पहिले बसले ते बाबाच. दाट केस गेले, दाढी-मिशी गेली. मुखवट्याची आठवण आमच्यापैकी एकालाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मुखवटा चढवला तर आत डोकं डब्यातल्या सुपारीसारखं हलायला लागलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. नवा मुखवटा, नवा स्कॅन, कॉम्प्युटरला पुन्हा पहिल्यापासून कामाला लावणं आलं. उपचार आठवडाभर पुढे गेला.

परतताना मी शिळफाट्याला गाडी बाजूला घेतली आणि बाबांवर मनसोक्त ओरडले. "ज्याचं तोंड बघत नव्हता, त्याच्यासाठी टक्कल?"

"भांडाण जित्तेपणी असतं गं," बाबा म्हणाले. मग टकलावरून हात फिरवत पुटपुटले, "पन मेला तो मेला, जाता जाता माजाबी बांध सरकवून गेला."

मी हसले आणि त्यातच रडले. त्या आठवड्यात गाठ वाढली तर, हेच डोक्यात होतं.

गाठ गेली. तोंड मात्र कोरडं पडलं; वाचलेली ग्रंथी सावरायला वेळ लागेल, असं मॅडम म्हणाल्या. पुढचे कित्येक महिने बाबा पेज पीत, उशाला पाण्याची बाटली घेऊन होते. आईने सुकट भाजणं बंद केलं. अंगण इतकं स्वच्छ कधीच नव्हतं, आणि ते तिला बघवत नव्हतं.

चैत्रात चुलत काकूने कैऱ्या पाठवल्या, त्याच बांधावरच्या झाडाच्या. बाबांनी एक फोड मिठात बुडवून तोंडात टाकली, डोळे मिटून बराच वेळ चघळली. मग उठून ओटीच्या कडेला गेले आणि फोडीचा चोथा अंगणात थुंकले. पचकन.

आई केर काढत होती. सवयीने तिचं तोंड सुटलं, "काय मेली सवय ही, आत्ताच अंगण झाडलं..."

ती मधेच थांबली. केरसुणी टाकून पायरीवर बसली.

"अजून येकदा थुंका बघू," ती म्हणाली.