कडूचं बेट

छप्पन सालच्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच आठवड्यात भागाबाई माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. बुऱ्हाणपूरला लालबागच्या मुलींच्या शाळेत मी तिसरीला शिकवत होते. नवं राज्य होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. नागपूर तिकडे मराठी बाजूला गेलं, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो, आणि मराठीचे वर्ग राहतील की जातील याच्यावर शाळेत रोज बोलणं चाले. त्या दिवशीही मधल्या सुट्टीत तेच चाललं होतं. घंटा झाली, मी वर्गात आले, तर मुली कोकिळाच्या पाटीभोवती गोळा झालेल्या. पाटीवर तीन अंडी होती. छोट्या लिंबाएवढी, पांढरीशुभ्र, अगदी गोल.

मी विचारायच्या आत दारातून आवाज आला. "बाई, माहे तीन अंडे या पोरीनं आणले. ते द्या."

उंच, वाळकी बाई. चाळिशीची असेल. कपाळ कोरं, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं आणि पायांना वाळू. नदीपासून ती तशीच चालत आली होती. मी हो म्हणण्याची वाट न बघता ती आत आली, पदरात मूठभर ओली वाळू होती ती नीट पसरली, आणि एकेक अंडं दोन बोटांनी अलगद उचलून तिच्यात ठेवलं.

"जसं हाये तसंच उचलावं लागते," ती कोकिळाला म्हणाली. रागावून नाही, शिकवावं तशी. "खालची बाजू वर झाली का आतला जीव मरते."

"कशाची आहेत?" मी विचारलं.

"कासवाची."

मुली हसल्या. ती हसली नाही. आली तशी निघून गेली.

आमच्या शाळेचा शिपाई देवराम म्हातारा होता आणि नदीकाठच्याच वस्तीतला होता. त्याने मला संध्याकाळी सगळं सांगितलं. भागाबाई आणि तिचा नवरा कडू, दोघं तापीच्या पात्रात टरबूज-डांगराच्या वाड्या करत. पूर ओसरला की वाळूत खड्डे घ्यायचे, शेणखत टाकायचं, बी लावायचं आणि उन्हाळ्यात फळं काढायची. पावसाळ्यात काम नसे. तेव्हा कडू पुरात वाहून येणारी लाकडं धरायचा. एक्कावन्नच्या श्रावणात असाच एका ओंडक्यामागे गेला. ओंडका हाताला लागलेला काठावरच्या लोकांनी पाहिला. मग ओंडका दिसला, कडू दिसला नाही.

"चार दिवस शोधलं," देवराम म्हणाला. "काही मिळालं नाही. शेवटी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला. राजघाटाच्या खालच्या डोहात लई कासवं हायेत, मोठी, मऊ पाठीची. त्यांनीच खाल्लं असं सगळे म्हणतात. डोहाजवळच्या वाळूच्या बेटाला तेव्हापासून कडूचं बेट म्हणतात. दिवस मावळला की कोणी जात नाही तिथं. आणि ही बाई त्याच कासवांचे अंडे राखते. डोकं ठिकाणावर नाही तिचं."

त्या रविवारी मी नदीवर का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाचे हात तसे चालत नाहीत, एवढंच मनात होतं.

एका बाजूने गुडघाभर पाणी होतं. ते ओलांडून मी बेटावर गेले. भागाबाई बाभळीच्या काट्यांचं कुंपण करत होती. वाळूत हातभर घेराची जागा, तिच्याभोवती काटे रोवलेले. अशा सतरा जागा होत्या. कोल्हे, घोरपडी, कुत्री आणि माणसं, सगळ्यांपासून राखायचं. तेही ज्येष्ठापर्यंत. ही अंडी फुटायला सात-आठ महिने लागतात हे मला तिच्याकडूनच कळलं.

तिने मला काय काम आहे असं विचारलं नाही. काट्यांचा एक भारा पुढे सरकवला. मी बसले आणि रोवायला लागले.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी मी गेले. तेव्हा श्रमदान हा शब्द सगळीकडे ऐकू यायचा, कोणी रस्ता करत होतं, कोणी विहीर. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा मीही श्रमदानाला जाते असंच सांगितलं.

भागाबाई फार बोलत नसे. पौषातल्या एका दुपारी मात्र तिने आपण होऊन सांगितलं. कडू गेला त्या पुढच्या उन्हाळ्यात ती एकटीच वाडी करत होती. वेलांना पाणी साचवायला खड्डा खणताना कुदळ अंड्यांवर पडली. तिला कळलं ती कशाची आहेत ते. मग ती थांबली नाही. सगळी ठेचली.

"वीस-बावीस असतील. मी एकेक पाहून मारलं. या तोंडांनी माहा माणूस खाल्ला, असं म्हणत होती. शेवटचं फुटलं त्याच्यात पिल्लू पुरं झालेलं होतं. अर्धी पाठ चेपलेली. डोळे बंद. तरी बाई, ते चालायले लागलं. पाण्याकडं. नदी कुठी हाये हे त्याले कोणं सांगितलं असंल?"

"मग?"

"पाण्यापर्यंत गेलं नाही. मीच उचलून सोडलं. मेलेलं होतं तोवर." ती हातातली वाळू चाळत राहिली. "घरी आली आन् रातभर बसून राहिली. कडूची राख झाली नाही. मातीही झाली नाही. लोक म्हणतात ते खरं असंल तर मग तो कुठी हाये? त्यांच्याच आंगात हाये ना? आन् मी त्यांचेच लेकरं ठेचले."

 तेवढ्यात डोहाच्या बाजूने पाण्यातून श्वास सोडल्याचा आवाज आला. लांब, थकलेला, माणसाने टाकावा तसा. मी दचकून वळले. पाण्यावर एक निमुळतं नाक दिसलं आणि बुडालं.

"पोहून काठाले लागला का असाच श्वास टाकायचा तो," भागाबाई म्हणाली.

कासव श्वास घ्यायला वर येतं हे मला माहीत होतं. मुलींना मीच शिकवलं होतं. पण त्या दिवसापासून मला तो आवाज कासवाचा म्हणून ऐकताच येईना. माघ गेला, फाल्गुन गेला. बेटावर काम करता करता मी पाठीमागे कान देऊन असायचे. घरी आंघोळीच्या पाण्यात तांब्या बुडाला तरी अंगावर काटा यायचा. एकदा सांज पडायला आली असताना तो श्वास इतका जवळून आला की मी "कोण?" असं विचारून बसले. भागाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपल्यासारखंच दुसऱ्या कोणाला ऐकू येतं, याने माणूस थोडा मोकळा होतो, तशी ती दिसली. मला ते जास्तच घाबरवून गेलं. नंतरचे दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले तेव्हा तिने त्याबद्दल विचारलं नाही.

ज्येष्ठ लागला. आमच्याकडे अजून कोरडं होतं, पण वर उगमाकडे, बैतूलला पाऊस झाल्याचं स्टेशनवर कळलं, आणि एका सकाळी तापीचं पाणी मातकट झालं. शाळेला सुट्टी होती. मी धावत घाटावर गेले. भागाबाई काठावर उभी होती. गुडघाभर पाणी छातीएवढं झालं होतं. बेट अजून वर होतं, पण कडा ढासळत होत्या.

"अंडे फुटायले पंधरा दिवसांवर आलेले," ती म्हणाली. "आज नाही काढले तर सगळे बुडतात. डोंगी पाहिजे."

डोंगी, म्हणजे लहान होडी, सुपडू भोयाची होती. सुपडू कडूच्या बरोबरीचा, त्याचा मित्र. कडू बुडाल्यापासून त्याने त्या बेटाला पाय लावला नव्हता, भागाबाईसमोर तो उभाही राहत नसे. आम्ही त्याच्या झोपडीशी गेलो तेव्हा तो जाळं विणत होता. तिला पाहून त्याने मान खाली घातली.

"सुपडूभाऊ, डोंगी काढा."

"वैनी, पाणी चढतंय. दुसऱ्या कोणाले सांगा."

"दुसरा कोण हाये? तुम्ही माह्यासमोर येत का नाही? सहा वर्षं झाले. मी तुम्हाले काय केलं?"

त्याने जाळ्याची गाठ आवळली. मग बोलला. आवाज इतका खाली होता की मला पुढे वाकावं लागलं.

"कडू मले मिळाला होता, वैनी. पाचव्या दिवशी. डोहाच्या त्या टोकाले, बेटाले लागून. कासवं होती त्याच्यावर. मी वल्हं मारून हाकलले. पण आणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तुम्हाले ते दाखवावं असं मले झालं नाही. मी त्याले धारेत ढकलून दिलं. माह्या हातानं. आन् घरी येऊन म्हटलं, मिळाला नाही."

भागाबाई उभीच होती. मी तिचा दंड धरला, तर तो लाकडासारखा ताठ झाला होता. ती खाली बसेल, ओरडेल, त्याच्या अंगावर जाईल असं मला वाटत होतं.

"तुम्ही हात लावला त्याले?" तिने विचारलं.

"लावला."

"तोंड होतं?"

सुपडूने मान हलवली. नाही. मग म्हणाला, "हात होता एक. उजवा. मी त्याच्यावर पाणी सोडलं. त्याचं नाव घेतलं."

तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "पळसाच्या पानांले पाणी दिलं ते पानांलेच पोचलं असंल. खरं पाणी तुम्हीच दिलं त्याले." आणि थोड्या वेळाने, "उठा. पाणी चढून राहिलं."

सुपडू उठला.

आम्ही तीन खेपा केल्या. भागाबाई वाळू हाताने उकरायची, प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर कोळशाने ठिपका द्यायची, म्हणजे वरची बाजू कुठली ते चुकू नये. मी टोपलीत ओली वाळू पसरून अंडी लावायचे. सुपडू डोंगी धरून बसला होता. पहिल्या दोन खेपांना तो बेटावर उतरला नाही. तिसऱ्या खेपेला भागाबाईचा पाय कडेच्या वाळूत खचला, ती कमरेपर्यंत खाली गेली, तेव्हा त्याने उडी टाकली आणि तिला बगलेत हात घालून ओढलं. टोपली तिने सोडली नव्हती. ती टोपली आम्ही तिघांनी मिळून डोंगीत ठेवली. मागे वळून पाहिलं तर काट्यांची कुंपणं एकेक करून पाण्यात चालली होती. सतरापैकी सहा जागांची अंडी आम्ही आणली. बाकीची गेली.

काठावर उंच जागी, सुपडूच्या झोपडीमागच्या रेतीत आम्ही ती पुरली. त्यानंतर रोज आळीपाळीने तिथे बसलो. शेवटी शेवटी मी तिथेच भाकरी बांधून नेत असे.

बाराव्या दिवशी पहाटे वाळू हलली. आधी एक, मग चार, मग मोजता येईनात इतकी. रुपयाएवढी पिल्लं, पाठीवर चार काळे डोळे काढल्यासारखे ठिपके. पाण्याच्या दिशेने निघाली. सुपडू वल्हं घेऊन दोन्ही बाजूंचे कावळे हाकलत होता. भागाबाई उकिडवी बसून बघत होती. मला वाटलं ती आता रडेल, किंवा कोणाचं तरी नाव घेईल. ती फक्त वाटेतले खडे बाजूला करत होती.

शेवटचं पिल्लू पाण्यात गेल्यावर मी तिला विचारलं, "आता बरं वाटतं का?"

"नाही," ती म्हणाली. "तो हात आता रोज दिसल मले. पण पयले काहीच दिसत नव्हतं."

पुढच्या वर्षी माझी बदली खंडव्याला झाली. अंडी काढली त्या पुरात बेट वाहून गेलं ते पुन्हा तसं झालं नाही, वाळू दुसऱ्या काठाला साचली. कासवं तिकडे जाऊ लागली तशी भागाबाईही तिकडे गेली. सुपडू तिला रोज नदीपार सोडायचा. अधूनमधून देवरामचं पत्र येई, त्यात या दोघांच्या चार ओळी असत. किती जागा राखल्या, किती फुटल्या. भागाबाई तापाने गेल्याचंही त्याच्याच पत्रातून कळलं, सदुसष्ट साली. तिला जाळलं, राख मिळाली, आणि ती सुपडूने डोहात सोडली असं त्याने लिहिलं होतं.

मी आता सत्तरीची आहे. नळाचं पाणी येतं, नदीवर जायचं कारण पडत नाही. तरी कधी बुऱ्हाणपूरला गेले तर घाटावर मला फार वेळ बसवत नाही. पाण्यात कोणीतरी वर येतं, श्वास टाकतं आणि पुन्हा खाली जातं. आता मी कोण म्हणून विचारत नाही.